मशीनच्या पाण्यावरची बाग

आमच्या गल्लीत उघडी माती फक्त आमच्या घरामागं उरली होती. बाकी सगळ्यांनी कंपाउंडच्या आत फरशी बसवून घेतली होती. गाडी उभी करायला बरी, झाडून काढायला बरी, चिखलाचे पाय घरात येत नाहीत. आम्हीही बसवणारच होतो. माझ्या बांधकामाच्या यादीत ते काम सगळ्यात शेवटी होतं, आणि शेवटची कामं राहतात तसं ते राहिलं. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की भिंतीपर्यंत एक लांबट पट्टी होती, दोन खाटा शेजारी शेजारी टाकता येतील एवढी रुंद.

बीड बायपासच्या पलीकडं, आमच्या शहरालगतच्या साताऱ्याच्या डोंगराकडं तोंड करून ही वसाहत उभी राहत होती. गुंठेवारीतले प्लॉट. आम्ही आलो तेव्हा समोर ज्वारीचं रान होतं. बघता बघता तिथं वाळूचे आणि खडीचे ढीग आले, मग घरं आली. नळ मात्र आला नाही. जायकवाडीचं पाणी शहरात जायचं, आमच्याकडं प्रत्येकाचा आपापला बोअर. त्याचं पाणी एवढं जड की कुकरच्या आत पांढरा थर बसायचा आणि नवी बादली महिन्याभरात जुनी दिसायला लागायची. म्हणून ज्यांना परवडलं त्यांनी पाणी शुद्ध करायचं मशीन भिंतीवर लावलं. हे मशीन एका नळीनं प्यायचं पाणी देतं आणि त्याहून जास्त पाणी दुसऱ्या नळीनं बाहेर टाकतं. ती दुसरी नळी सगळ्यांच्या घरात मोरीत सोडलेली असायची.

मी एका कॉलेजच्या कार्यालयात काम करते. कामं वाटून देणं, तारखा पाळायला लावणं, कुठं अडलंय ते शोधणं, यात माझा दिवस जातो. घरीही मी तशीच. मागची पट्टी मोकळी पडलेली मला बघवली नाही. पहिल्या वर्षी मेथी, पालक आणि कोथिंबीर केली. मग वांगी, अंबाडी, भिंतीवर चढवलेला दोडका, कडेला पुदिना आणि गवती चहा. पाऊस बरा होता तोवर त्यात माझं फारसं कर्तृत्व नव्हतं. माती काळी आणि चांगली होती. तिनंच सगळं केलं, नाव माझं झालं.

मग दुष्काळ आला. पहिल्या वर्षी पाऊस अर्धामुर्धा पडला आणि दिवाळीनंतर गल्लीतले बोअर एकेक करून खाकरायला लागले. टँकर सुरू झाले. लोकांनी सगळ्यात आधी झाडांचं पाणी तोडलं. गच्चीवरच्या कुंड्या वाळल्या, दारातल्या तुळशीला तेवढं तांब्याभर मिळायचं. एका सकाळी मी मोरीत वाकले असताना मशीनची नळी दिसली. काचेसारखं स्वच्छ पाणी जाळीतून खाली चाललं होतं. मला तिथंच सगळी योजना दिसली. नळीखाली बादली ठेवली. संध्याकाळपर्यंत ती भरली. वांग्यांना घातली. वांगी टवटवीत.

आमच्या एका बादलीवर सगळी पट्टी भिजत नव्हती. पण गल्लीत मशीनं पुष्कळ होती.

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी जे बोलले ते मला अजून पाठ आहे. बायका वाण घेऊन उठायच्या बेतात होत्या, मी त्यांना थांबवलं. म्हणाले, आपल्या सगळ्यांच्या घरातून चांगलं पाणी गटारात जातंय. माती फक्त माझ्याकडं आहे. तुम्ही पाणी द्या, मी भाजी देते. ज्याचा त्याचा वार ठरवून देते. आणि एक पथ्य पाळायचं: साबणाचं, भांड्यांचं, आंघोळीचं असलं घाण पाणी नको. फक्त मशीनचं. खायची भाजी आहे.

"भांड्याचं बी नको? राखंनं घासते मी, साबण नसतो," समोरच्या आत्या म्हणाल्या.

"नको आत्या. नियम म्हणजे नियम."

"बरं," त्या म्हणाल्या.

आत्या आमच्या समोरच्या पत्र्याच्या घरात राहायच्या. नात्यानं कुणाच्याच आत्या नव्हत्या, सगळ्या गल्लीच्या होत्या. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. आमची वसाहत व्हायच्या आधी त्यांचा कळप याच रानात बसायचा. "तुमचं देवघर हाय ना, तिथं आमची कोकरं कोंडायचो आमी," असं त्या नव्या माणसाला हसून सांगायच्या. मेंढरं गेली, आत्यांचे मालकही वारले. मुलगा लोडिंग रिक्षा चालवायचा, सून घरी शिवणकाम करायची. कळपापैकी म्हणून दारात एक शेळी उरली होती, करडी, कपाळावर पांढरा ठिपका. आत्या तिच्याशी दिवसभर बोलायच्या, सुनेशी त्यापेक्षा कमी.

मी फ्रिजच्या दारावर वारांचा कागद लावला. गुरुवार आत्यांचा.

आणि ते चाललं, उत्तम चाललं. दुपारी उन्हं कलली की बायका बादली घेऊन यायच्या, थेट मागच्या दारापर्यंत. कुणी वांगं बघायचं, कुणी दोडक्याचं फूल. भरलेलं भांडं दारात आलं की ते रिकामं परत करायचं नाही, हे माझ्या आईनं मला लहानपणीच शिकवलं होतं. शेजारणीची वाटी परत करायची तर तिच्यात निदान साखरेचे चार दाणे तरी टाकायचे. म्हणून प्रत्येक बादलीत मी काहीतरी घालून द्यायचे. कोथिंबिरीची जुडी, मूठभर पालक, दोन वांगी, चहात टाकायला गवती चहाची पात. सगळ्या गल्लीत उन्हाळ्यातही हिरवी पालेभाजी शिजत होती. कोपऱ्यावरच्या भाभी म्हणायच्या, "ताई, मियां पूछ रहे, कोथमीर आई क्या? मेरे कू नै पूछते, कोथमीर कू पूछते!" मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला वाटायचं हे सगळं माझ्या डोक्यातून निघालंय आणि बाकीच्यांच्या डोक्यातून निघालं नसतं.

दुसऱ्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नाही म्हटलं तरी चालेल. दोन सरी आल्या, माती वरवर ओली करून गेल्या. धरणात पाणी किती खाली गेलं याच्याच बातम्या रोज. मी मात्र निश्चिंत होते. माझ्याकडं बादल्या येत होत्या.

पोळ्याच्या सुमारास पालकाच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या झाल्या. मला वाटलं ऊन. वर जुन्या साडीचा आडोसा केला. मग कोथिंबीर उगवलीच नाही. मला वाटलं बी जुनं. नवं आणलं. मग वांग्याचं एक एक झाड पिवळं पडत गेलं. मला वाटलं कीड. कडुनिंबाचा पाला उकळून फवारला. प्रत्येक वेळी काय केलं आणि काय झालं ते लिहून ठेवत होते आणि प्रत्येक वेळी पाणी वाढवत होते. एका सकाळी मातीवर पांढरी पुटं दिसली, पापडासारखी, कडा वर उचललेली. मी बोटानं उचलून जिभेला लावली. खारट, मागून कडवट.

त्या क्षणी मला कुकर आठवला. जो पांढरा थर मी कित्येक वर्षं खरवडत होते, तो पाण्यातून काढायलाच तर मशीन लावलं होतं. काढलेलं मीठ जातं कुठं? दुसऱ्या नळीनं बाहेर. ते पाणी दिसायला स्वच्छ होतं, एवढंच मी बघितलं होतं. आणि गल्लीभरच्या घरांचं मीठ मी त्यांच्याच हातांनी वाहून आणवून माझ्या काळ्या मातीत ओतत होते. धुऊन न्यायला पाऊसही नव्हता. राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी मी घाण म्हणून नाकारलं होतं.

खात्री करायची म्हणून दोन कुंड्यांत मेथी पेरली, चांगली माती आणून. एकीला मशीनचं पाणी, एकीला टँकरचं. टँकरची वर आली. दुसरी आली, पिवळी पडली, झोपली.

नवऱ्याला दाखवलं. त्यानं झोपलेली मेथी बोटानं उचलून बघितली. "सांगून टाक सगळ्यांना."

"हो, रविवारी सांगते."

"रविवारच का?"

"सगळ्या घरी असतात."

रविवार आला. पहिली बादली घेऊन भाभी आल्या, चार पायऱ्या चढून, दम लागलेला, सलवारीवर पाणी सांडलेलं. "लो ताई, आज तो बादली पूरी भर के लाई मैं." मी म्हणाले, "इथंच पुढं ठेवा, मी नेते मागं." बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली, रिकाम्या बादलीची वाट बघत. रिकामी कशी देणार? मी आत गेले. आदल्या दिवशी कॉलेजवरून येताना स्वयंपाकासाठी औरंगपुऱ्याच्या मंडईतून आणलेली कोथिंबीर फ्रिजमध्ये होती. ती घातली.

ते एकदाच व्हायला हवं होतं. एकदाच झालं असतं तर मी ते विसरूनही गेले असते.

पुढं मी ते नीट करायला लागले, आणि आजही मला सगळ्यात जास्त लाज त्या नीटपणाची वाटते. जुड्या आणायच्या, त्यांचे दोरे-रबर सोडायचे. मंडईतल्या भाजीच्या मुळांना कुठल्या कुठल्या मळ्याची तांबूस माती असायची. ती धुऊन काढायची आणि एका टोपल्यात वाचलेली आमची काळी माती ओल्या हातानं मुळांना चोळायची. सगळ्या जुड्या सारख्या दिसल्या की संशय येतो, म्हणून मुद्दाम काही लहान करायच्या. मागच्या दाराकडं कुणी जाऊ नये म्हणून पुढं व्हरांड्यात पिंप ठेवलं आणि सांगितलं, तुम्हाला एवढं लांब चालायला नको, इथंच ओता.

पिंपातल्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न उरला. सांडून टाकायला जीव धजेना, दुष्काळ होता. मी ते संडासात वापरायला काढलं. फरशी पुसायला काढलं. आमचा टँकर दुसऱ्यांपेक्षा जास्त दिवस पुरायला लागला. हे कुणालाही आपापल्या घरी करता आलं असतं, मी तोंड उघडलं असतं तर. त्याऐवजी आख्खी गल्ली माझ्या संडासासाठी पायऱ्या चढत होती.

"पाणीपुरवठा छान चाललाय तुझा," नवरा एकदा जेवताना म्हणाला. "महापालिकेला जमलं नाही ते तू केलंस."

"चेष्टा करू नका."

"चेष्टा कुठं करतोय? सांगून टाक म्हणतोय."

मी म्हणाले संक्रांतीला सांगते, हळदीकुंकवाला. एकदम सगळ्यांना. संक्रांत आली. बायकांनी मला मधोमध बसवलं. पलीकडच्या गल्लीतल्या दोघी मुद्दाम आल्या होत्या, आमच्याकडंही असं सुरू करायचंय म्हणत. मी वाण म्हणून पेरायच्या धण्यांच्या पुड्या वाटल्या. पलीकडच्यांना एवढंच म्हणाले, उन्हाळा जाऊ द्या, मग बघू. तेवढंच खरं बोलले त्या दिवशी.

होळीच्या आसपास आत्यांच्या दारातली शेळी दिसेनाशी झाली. मी विचारलं तर म्हणाल्या, "फुलंब्रीकडं धाडली, भावाच्या रानात. तिथं हिरीत थोडं पाणी हाय म्हणं. हितं पुरंना तिला." मग थांबून म्हणाल्या, "जाताना लई वरडली. रिक्षात चढंना." त्या दिवशी गुरुवार होता. बोलता बोलता त्यांनी आपली स्टीलची बादली पिंपात ओतली आणि मी त्यांना पालक दिला. पालक घेताना म्हणाल्या, "सूनबाईला लई आवडतो. तिला दिवस गेल्यापास्नं तुमचीच भाजी खातीया. बाजारची तोंडात धरत नाही."

मी हसले. काय करणार होते?

चैत्रात एका दुपारी आत्या बादलीशिवाय आल्या. हातात पदराचा बोळा, चेहरा फुललेला. सून मागं उभी, पोट चांगलं वर आलेलं. आत्यांनी तिला ढोसलं, "सांग की तू." ती लाजली. मग आत्याच बोलल्या. "हिला सातवा लागला. आमच्यात ओटी भरत्यात, चार बाया जेवू घालत्यात, झालं. पण हिनं मोबाईलवर बघितलंय. बागेतलं डोहाळजेवण असतं म्हणं. झाडाखाली बसवत्यात, फुलांचे दागिने घालत्यात."

"मी नुसतं दाखवलं होतं," सून पुटपुटली.

"गप. मग मी म्हनलं, बाग कुठं लांब हाय? आपल्याच पाण्यावर वाढलेली बाग हाय समोर. ताई नाय म्हणायच्या नाहीत. वेलाखाली पाट मांडू, अंबाडी हिच्या हातानं खुडू. व्हय ना?"

सून माझ्याकडं बघत होती. तिला काहीतरी मोठं मागितल्यासारखं वाटत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी म्हणाले, "बघते हं. मागं थोडं आवरायचं आहे. उद्या सांगते."

"आवरायचं काय त्यात? आमी आवरू."

"नाही, नाही. उद्या."

त्या गेल्या. मी स्वयंपाकघरात येऊन मागचं दार उघडलं. दोडक्याच्या वाळक्या दोऱ्या भिंतीला चिकटलेल्या, वांग्यांच्या काटक्या, पुदिन्याच्या जागी काळपट जाळं, आणि सगळ्यावर पांढरा थर. थोड्या दिवसांत यातून काही उभं करता येईल का, याचा मी खरोखर विचार केला. नर्सरीतून कुंड्या आणता येतील. वेल विकत मिळतो का? वाळकं काढून वर लाल माती पसरली तर? एवढं सगळं मनात मांडून झाल्यावर मला माझाच वीट आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकट्या आत्यांना बोलावलं आणि घरातून मागच्या दाराशी नेलं.

त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग खाली वाकून मातीचा एक पापुद्रा उचलला, चुरला.

"कदी झालं हे?"

"पोळ्यापासून सुरू झालं. दिवाळीत सगळं गेलं."

"आन् मग पालक?"

"मंडईतला."

"कोथमीर?"

"तीपण."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. वांग्याच्या काटकीला हात लावून बघितला, ती मोडली. मी घाईघाईनं सगळं सांगत सुटले. मशीनच्या पाण्यात मीठ असतं, मला कळायला हवं होतं, मी सांगणार होते, राहून गेलं, तुमच्या सगळ्यांच्या मशीनचं पाणी...

"कुठलं मशीन?" आत्या म्हणाल्या.

"तुमचं. घरातलं."

"आमच्यात कुठलं आलंय मशीन? फडक्यानं गाळून पितो आमी."

त्यांच्या घरात मी कधी पुढच्या खोलीच्या पलीकडं गेले नव्हते. मशीन आहे का, हे न विचारताच मी गुरुवार लिहून मोकळी झाले होते.

"मग तुम्ही पाणी कुठलं आणत होतात?"

"टँकरचं. पिंपातलं, प्यायचं." त्या अगदी साध्या आवाजात सांगत होत्या, जणू मला एवढंही कळू नये याचं त्यांना नवल वाटत होतं. "तुमी सगळ्यांसमोर म्हनलं, भांड्याचं नको, न्हाणीचं नको. मग चांगलंच आणावं लागंल ना? सगळ्या बाया बादल्या आणायच्या आन् मी फुकटची भाजी खाऊ? शेळीच्या वाटणीचं आणत होते. म्हनलं, झाडं जगतील, पोरीच्या पोटात हिरवं जाईल. शेळी काय, पाऊस पडला की आणू परत."

मी मोडलेली काटकी उचलली.

"मातीत नाही घातलं तुमी," त्या म्हणाल्या. "दिवाळीपास्नं. मग कुठं घातलं?"

खोटं बोलायची शेवटची संधी होती ती. फरशी पुसायला, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं.

"संडासात," मी म्हणाले.

आत्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या, वाईट हसू. "बरं झालं शेळी गेली," त्या म्हणाल्या, "तिला मी काय तोंड दाखवलं असतं?" आणि घरातून न जाता मागच्या भिंतीत एक पत्र्याचं दार होतं, त्यानं बाहेर पडल्या.

मला वाटलं संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल. मी काय काय बोलायचं ते ठरवून बसले. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी भाभी बादली घेऊन आल्या, नेहमीसारख्या हसत. आत्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि मीही, हे लिहायला हात धजत नाही, भाभींच्या बादलीत कोथिंबीर घातली.

डोहाळजेवणाचं बोलावणं मलाही आलं. सूनच आली सांगायला. तिला काही माहीत आहे का, ते तिच्या तोंडावरून कळेना. "आत्याबाई म्हणल्या, बाग नको, आपल्याच दारात करू," एवढंच बोलली.

त्यांच्या अंगणात, शेळी बांधायच्या खुंट्याजवळ, चटया टाकल्या होत्या. वर हिरव्या साड्यांचं छत. सून हिरवी साडी नेसून पाटावर, गळ्यात मोगऱ्याचे गजरे. मी ओटी भरली, खाली बघत. जेवणाची पंगत बसली. भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, वांग्याचं भरीत, शेवयांची खीर. आत्या स्वतः वाढत होत्या. माझ्यासमोर आल्या, भाजीचा डाव हातात धरून थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घ्या ताई. बाजारची हाय बरं का. तुमच्यावानी घरची नाय आमच्यात."

बायका हसल्या. "अहो आत्या, ताईंना बाजारची उतरायची नाही!" कुणीतरी म्हणालं. "एक दिवस खातील, त्यात काय!" दुसरीनं जोडलं. आत्या तशाच उभ्या होत्या, डाव माझ्या ताटावर. त्या मला वाचवतही नव्हत्या आणि उघडीही पाडत नव्हत्या. माझं मलाच बोलायचं होतं, आणि ते आज नाही बोलले तर कधीच नाही.

"वाढा," मी म्हणाले. "माझीही बाजारचीच होती."

हसणं चालूच राहिलं. गंमत वाटली असणार.

मी पुन्हा म्हणाले, मोठ्यांदा. दिवाळीपासून जी भाजी तुम्हाला दिली ती सगळी मंडईतली. बाग केव्हाच मेली. तुमच्या पाण्यानं मेली, म्हणजे मी सांगितलेल्या पाण्यानं. पाणी माझ्या घरात वापरलं, संडासाला. हे सगळं मी हातात घास धरून बोलले, आणि बोलून झाल्यावर तो घास कुठं ठेवायचा ते मला कळेना.

मग भाभींनी डोक्यावरची ओढणी सावरली. "मैं तबीच बोली इनकू," त्या म्हणाल्या, "कोथमीर में रब्बर निकला एक दिन. मैं बोली, ताई की झाडां कू रब्बर भी लगता क्या? ये बोले चुप बैठ, शक नक्को कर." कुणी हसलं नाही. भाभीही हसल्या नाहीत. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "मेरे घुटने दुखते ताई. चार सीढ़ियां चढ़ के आती थी मैं. बोल देना था ना."

हेच वाक्य नंतर मी गल्लीतल्या प्रत्येक घरात ऐकलं, वेगवेगळ्या शब्दांत. कुणी रागावून, कुणी टोमण्यात, एकीनं तर नुसतं दार लावून. त्या उन्हाळ्यात सगळ्यांनी मशीनचं पाणी आपापल्या संडासाला वापरायला सुरुवात केली. त्याबद्दल मला कुणी धन्यवाद दिले नाहीत, आणि द्यायचं कारणही नव्हतं.

पण त्या दुपारी आधी त्यांना बघायचं होतं. पंगत अर्धी टाकून सगळ्या बायका उठल्या, हात धुऊन, रस्ता ओलांडून, आमच्या घरातून मागच्या दाराशी आल्या. मी पुढं होऊन कडी काढली. आत्या सोडल्या तर गल्लीतलं कुणी इतक्या महिन्यांत तिथं आलं नव्हतं. कुणी नाकाला पदर लावला, वास काहीच येत नव्हता तरी. एकीनं विचारलं, "तो दोडक्याचा वेल हाच का?" मी हो म्हणाले.

सूनही आली होती. गजऱ्यांसकट, हिरव्या साडीत, अनवाणी. तिला कुणी अडवलं नाही. ती उंबरा ओलांडून मातीत उतरली, वाळक्या वेलाखाली जाऊन उभी राहिली आणि वर बघायला लागली. तिनं जिथं बसायचं मनात धरलं होतं, ती जागा कशी दिसली असती ते बघत असावी.

"मागं फीर," आत्या दारातून म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता. "भेगा पडतील पायांना. खारी जमीन हाय ती."

सून वळली. मी तिला हात द्यायला पुढं झाले. तिनं चौकट धरली आणि स्वतःच वर आली.